पुढची शर्यत नंतर, आधी सकाळी ठरवा

पत्र : मी 39 वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, बँकेत नोकरी करते. या जानेवारीत मुंबईची 42 किलोमीटरची फुल मॅरेथॉन पहिल्यांदाच धावले. वेळ 5 तास 38 मिनिटं. पहिली 21 किलोमीटर 2:28 मध्ये झाली होती, पण माहीमच्या पुढे पाय जड होत गेले आणि परतीचा पेडर रोडचा चढ मी अख्खा चालत गेले. त्याआधी हाफ, म्हणजे 21 किलोमीटर, 2:15 मध्ये केली होती. सराव आठवड्याला 35 किलोमीटरच्या आसपास, 28 किलोमीटरचा लाँग रन एकदाच झाला. शर्यतीत ताकदीसाठी घेतात ते गोड जेल दोनदा घेतले.

आता तीन आठवडे झाले. गटातले म्हणतात, पुढच्या वर्षी सब-फाइव्ह, म्हणजे पाच तासांच्या आत. एक दादा म्हणतात, थेट दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स. दोघीजणी बर्लिन आणि टोकियो मॅरेथॉनच्या प्रवेशाच्या लॉटरीत नाव घालायला सांगताहेत. कुणी साताऱ्याची हिल मॅरेथॉन सुचवतं. नवरा म्हणतो, ‘झालं ना एकदा? आता पुरे.’ मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल. माझं मात्र कशातच मन लागत नाही. सकाळी उपवनला जाते, तलावाला दोन फेऱ्या मारून परत येते. जिना उतरताना उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. समोर ध्येय नसलं तर धावणंच सुटेल अशी भीती वाटते. काय ठरवू?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

आधी मनापासून अभिनंदन, आणि ते खास करून शेवटच्या बारा-चौदा किलोमीटरचं. पायांतलं बळ संपलेलं असताना, सकाळी साडेनऊच्या उन्हात, पेडर रोडवर आडवी वाट पकडून टॅक्सीत बसणं किती सोपं होतं हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुम्ही चालत राहिलात. पत्रात तो चढ तुम्ही कबुलीजबाब दिल्यासारखा लिहिला आहे. मला तर तुमच्या सगळ्या शर्यतीत तोच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

मन न लागण्याबद्दल आधी बोलते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. गेले सहा-सात महिने तुमचा रविवार, शनिवारचं जेवण, रात्री झोपायची वेळ, कुणाच्या लग्नाला जायचं आणि कुणाच्या नाही, हे सगळं एका तारखेने ठरवलं होतं. ती तारीख गेली. मांडव उतरल्यावर लग्नघर भकास वाटतं, तसं हे आहे. पहिल्या फुलनंतर बहुतेकांना असं होतं, फक्त फोटो टाकताना कुणी ते लिहीत नाही. त्यात शरीरही अजून सावरतंय. स्नायूंचं दुखणं चार-पाच दिवसांत थांबतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की झालं, भरून आलं. पण स्नायूंच्या आतली झीज भरून यायला आठवडे लागतात, आणि स्नायुबंध व हाडं त्याहून मागे राहतात. धावपटूंमध्ये एक जुना ठोकताळा आहे : शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचा सराव नाही. फुलचे 26 मैल, म्हणजे जवळपास चार आठवडे. तुमचे तीनच झालेत. उपवनच्या दोन फेऱ्या मारून परत येणं हा आळस नाही, सध्या तुमच्या शरीराला तेवढंच हवं आहे.

या रिकामपणावर उपाय म्हणून शर्यतीची नोंदणी करायची सवय अनेकांना लागते. पैसे भरले की दोन दिवस बरं वाटतं. पण अशा वेळी केलेली निवड तुमची नसते, ती त्या आठवड्यात जो सगळ्यात मोठ्याने बोलला त्याची असते. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की मार्चच्या मध्यापर्यंत कशातही नाव घालू नका. गटात कुणी विचारलं तर तसंच सांगा, अजून ठरवलेलं नाही. आणि त्यानंतरही उदासी उतरली नाही, झोप किंवा भूक गेली, कामात आणि घरात लक्ष लागेना, तर तो प्रश्न धावण्याचा राहत नाही. मग डॉक्टरांशी बोला.

आता गुडघा. बाहेरच्या बाजूला दुखणं, तेही जिना उतरताना, हे वर्णन आयटी बँडच्या दुखण्याशी बरंच जुळतं. कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालपर्यंत जाणारा तो जाड पट्टा आहे. दुखतं गुडघ्यात, पण मूळ पुष्कळदा वर असतं. कमरेच्या बाजूचे आणि बसायच्या जागेचे स्नायू कमजोर असले, किंवा थकल्यावर चाल बिघडली, की ताण खाली येतो. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर तुम्ही थकलेल्या चालीने काढलेत, त्यामुळे मला आश्चर्य वाटत नाही. अर्थात पत्र वाचून निदान करता येत नाही, करूही नये. धावपटूंना नेहमी तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. तोवर उतारावर धावू नका, आणि गुडघ्याला नुसता पट्टा बांधून किलोमीटर वाढवत जाऊ नका. एका पायावर उभं राहून हळू खाली बसणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, असे व्यायाम ते बहुधा देतीलच. ते आठवड्यातून दोनदा, वर्षभर करायचे आहेत, दुखणं थांबलं तरीही. एक मात्र लक्षात ठेवा. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर थांबू नका, लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. सोबत रक्ततपासणीही करून घ्या : हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, डी जीवनसत्त्व. आपल्याकडच्या बायकांमध्ये लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की अनेकजणी तो थकवा वयाच्या नावावर खपवतात आणि सराव वाढवत राहतात.

सब-फाइव्हबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांत त्याचं उत्तर स्पष्ट दिसतं. हाफच्या वेळेवरून फुलचा अंदाज काढायचं एक सूत्र धावपटू वापरतात. त्यात हाफची वेळ साधारण 2.08 ने गुणायची. तुमच्या 2:15 वरून अंदाज येतो 4 तास 41 मिनिटं. तुम्हाला लागले 5:38. म्हणजे जवळपास एक तास कुठेतरी सांडला. पहिली 21 किलोमीटर तुम्ही किलोमीटरला 7 मिनिटांच्या वेगाने धावलात. हा वेग अजिबात उतावळा नाही, तुमच्या हाफपेक्षा तो बराच सावकाश आहे. दुसरी 21 किलोमीटर किलोमीटरला 9 मिनिटांनी गेली. तेव्हा ‘सुरुवातीला जोरात गेलीस’ असं गटात कुणी म्हणालं असेल तर ते सोडून द्या. ते सूत्र गृहीत धरतं की धावणाऱ्याने लांब पल्ल्यासाठी पुरेसा सराव केलेला आहे, आणि 35 किलोमीटरच्या आठवड्यांत व एकाच 28 च्या लाँग रनमध्ये तो होत नाही. हाफसाठी तेवढा चालतो.

दुसरं कारण पोटात आहे. शरीरात साठवलेली साखर बहुतेकांना तीसेक किलोमीटरपर्यंत कशीबशी पुरते. पुढे जायचं तर वाटेत खावं लागतं, तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं असा साधारण हिशोब आहे. एका जेलमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम असतात. साडेपाच तासांत दोन जेल म्हणजे फार तर पन्नास ग्रॅम, म्हणजे एका तासाचा शिधा साडेपाच तासांना वाटून खाल्ल्यासारखं झालं. माहीमच्या पुढे पाय जड झाले त्यात तुमच्या जिद्दीचा काही दोष नव्हता. जेल सोसत नसेल तर खजूर, चिक्की, केळं, मीठ-साखर-लिंबाचं पाणी, काहीही चालेल. पण ते लाँग रनमध्ये दर अर्ध्या-पाऊण तासाला खाऊन पोटाला सवय लावायची असते. शर्यतीच्या दिवशी नवा प्रयोग करायचा नाही.

पाच तासांत फुल करायची तर किलोमीटरला सरासरी 7 मिनिटं 6 सेकंद पडतात. तुमच्या अंगात तो वेग आजच आहे. वाढवायचे आहेत ते आठवड्याचे किलोमीटर, आणि शिकायचं आहे ते वाटेत खाणं. म्हणून मी खात्रीने सांगते की सब-फाइव्ह तुमच्या आवाक्यात आहे. आणि आवाक्यात आहे म्हणूनच तिला एक वर्ष थांबवून ठेवता येतं.

कारण मुलाची दहावी. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, त्याच सुमाराला शाळेच्या पूर्वपरीक्षा असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची. फुलचा खरा सराव ऑगस्ट ते डिसेंबर चालतो. 30 किलोमीटरचा एक लाँग रन तुमच्या आरामाच्या वेगाने पावणेचार तासांचा, त्याआधी पहाटे साडेतीनला उठणं, त्यानंतर दुपारभर डोळे मिटत राहणं. असे रविवार एक-दोन नाहीत, निदान चार-पाच लागतील. दहावीच्या मुलाला आई चोवीस तास उशाशी नको असते, उलट तीही काहीतरी मेहनत करते आहे हे बघून त्याला बरंच वाटेल. पण रविवारी दुपारी तो गणिताचं पुस्तक घेऊन आला आणि तुम्ही सोफ्यावर झोपलेल्या असलात, तर तुम्हालाच अपराधी वाटेल. मग धावणं आणि मुलगा दोन्हीकडे अर्धं-अर्धं मन राहील. तुमच्या पत्रातल्या एका छोट्या वाक्यात ही दहावी येऊन गेली आहे. माझ्या मते पुढच्या वर्षाचा निर्णय करणारी तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

म्हणूनच ध्येय निवडताना मी शर्यतीचा दिवस बघत नाही. त्या दिवशी सगळंच छान असतं : छातीवरचा नंबर, वाजणारा बँड, सी-लिंकवरचा वारा, रस्त्यात संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असलेले लोक. बघायचे ते त्याआधीचे सहा महिने. कुठल्या सकाळी उठायला तुम्हाला आवडेल, आणि कुठल्या सकाळी घराला परवडतील, हे आधी ठरवा. त्या सकाळींमधून जी शर्यत निघेल ती तुमची. उलट्या बाजूने गेलं, शर्यत आधी आणि सकाळी नंतर, की नोव्हेंबरात घरात भांडणं आणि डिसेंबरात दुखापत ठरलेली.

या मापाने बाकीच्या सूचना बघू. कॉम्रेड्स म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डरबन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधलं सुमारे 90 किलोमीटरचं चढउतारांचं अंतर, 12 तासांत. त्यासाठी आधी 4 तास 50 मिनिटांच्या आत फुल केलेली असावी लागते. ज्या दादांनी सुचवलं त्यांच्या डोळ्यांतली चमक मला कळते, पण तुम्हाला ते आज नको. बर्लिन, टोकियोची लॉटरी भरायला हरकत नाही असं वाटतं खरं, पण लागली तर? नोंदणी, विमान, व्हिसा, हॉटेल, आणि दहावीच्या वर्षात आठवडाभर बाहेर. दोन वर्षांनी घरच्यांची सहल म्हणून आखलीत तर मीच म्हणेन, अवश्य जा. बॉस्टनचं नाव कुणी घेतलं तर तिथे लॉटरी नाही, तिथे आधीच्या शर्यतीतली ठरावीक वेळ दाखवावी लागते. 35 ते 39 वयाच्या स्त्रियांना 3 तास 30 मिनिटांच्या आत फुल हवी. ते आत्ता बाजूला ठेवू.

साताऱ्याची हिल हाफ मात्र मला मोहात पाडते. सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट हिरवागार असतो, ढग रस्त्यावर उतरलेले असतात, आणि तिथे वेळेपेक्षा चढ महत्त्वाचा असल्यामुळे मागच्या फुलशी तुलना होत नाही. येऊरचा चढ तुमच्या घरापासून इतका जवळ आहे की सरावासाठी कुठे जायला नको. फक्त उजेड झाल्यावर आणि दोघी-तिघी मिळून जा, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याची हद्द आहे. अडचण गुडघ्याची. साताऱ्याला पहिला अर्धा चढ आणि दुसरा अर्धा उतार असतो, आणि आयटी बँडला सगळ्यात जास्त त्रास लांब उताराचाच होतो. जूनपर्यंत जिना उतरताना काहीच दुखेनासं झालं आणि फिजिओने हो म्हटलं, तर जा. नाहीतर घाट कुठे जात नाही.

मग माझं मत काय? येतं वर्ष हाफचं आणि दहा किलोमीटरचं करा. फुलनंतर हाफकडे येणं म्हणजे पायरी उतरणं, असं आपल्या गटांमध्ये उगाच मानलं जातं. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवते का? मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012 ते 2014 अशी सलग तीन वर्षं ती पहिली आली. पण देशाला तिची ओळख झाली ती 3000 मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीमुळे. 2014 च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, 2015 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी. 42 किलोमीटरवरून 3 किलोमीटरवर आल्याने ती लहान झाली नाही. ती कुठल्या पातळीची धावपटू आणि आपण कुठे, हे मला कळतं. पण अंतर कमी केलं की माणूस मागे गेला, हा समज तिच्याकडे बघून तरी सुटावा.

हाफच्या सरावात लाँग रन 16-18 किलोमीटरचा, फार तर सव्वादोन तासांचा. पहाटे पाचला निघालात तर साडेसातला घरी, मुलगा उठायच्या आत आंघोळ होऊन चहा ठेवलेला. आठवड्यातून चार दिवस पुरे : एक सावकाश, एक चढाचा, एक जरा दमवणारा, एक लांब. एप्रिल-मेमध्ये घड्याळातल्या पेसकडे, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली त्याकडे, बघू नका. ठाण्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. तेव्हा श्वासावर चाला, शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच जोराने. पावसाळ्यात पाया भरा. ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन त्या सुमाराला भरली तर घरच्या रस्त्यांवर मजेने धावा, घड्याळ न लावता. ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर हवा बदलली की वेग आपोआप हाती येतो, आणि जानेवारीत मुंबईलाच हाफ. 2:15 ची 2:05 झाली तर त्यापुढच्या वर्षी पाच तासांची फुल आणखी सोपी होईल, हा याचा वरचा नफा.

आणि शर्यत नसेल तर धावणं सुटेल ही भीती. ती खोटी नाही, तारखेशिवाय अनेकांचे बूट माळ्यावर गेलेले मी पाहिले आहेत. पण ध्येय शर्यतीचंच असलं पाहिजे असं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवनच्या ठरावीक फेऱ्यांची वेळ एका वहीत लिहा. बँकेतल्या, सोसायटीतल्या अशा एखाद्या बाईला, जिने आयुष्यात कधी धावलेलं नाही, तिला वर्षभरात दहा किलोमीटरपर्यंत घेऊन जा. हे मी मनापासून सुचवते आहे. दुसऱ्याच्या वेगाने धावताना आपल्याला धावणं का आवडतं ते पुन्हा सापडतं. आणि दर मंगळवारी कोणीतरी फाटकापाशी आपली वाट बघत उभं आहे, हे कुठल्याही मेडलपेक्षा जास्त खात्रीने अंथरुणातून उठवतं.

राहिला नवऱ्याचा ‘पुरे’. त्यावर चिडण्याआधी एकदा त्यांना विचारा, गेल्या वर्षात नेमकं काय पुरे झालं? कदाचित रविवारची सगळी सकाळ त्यांच्या अंगावर पडत होती, दूध, नाश्ता, मुलाचा क्लास. कदाचित शर्यतीच्या शेवटी तुम्हाला तसं लंगडत येताना बघून ते घाबरले असतील. दोन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे. पहिल्याला वेळापत्रक लागतं : कुठल्या तीन सकाळी तुमच्या, कुठल्या त्यांच्या, ते कागदावर लिहून फ्रिजला लावा आणि तुमच्या बाजूने काटेकोर पाळा. दुसऱ्याला फिजिओकडे जाताना त्यांना सोबत नेणं पुरतं. मात्र एक गोष्ट त्यांनाही सांगा. तुम्ही कायमचं थांबायचं ठरवलं तर तो निर्णयही चांगलाच असेल, पण तो तुमचा असेल. 42 किलोमीटर एकदा पूर्ण केलेल्या बाईने पुढे कधीही शर्यत धावली नाही तरी त्या धावण्यातलं काही कमी होत नाही.

मुंबईची नोंदणी पावसाळ्यात सुरू होते. हाफ की फुल, हे तेव्हा ठरवायला तुमच्याकडे पुरेसे महिने आहेत. फिजिओची वेळ मात्र या आठवड्यातच घ्या, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. त्यावरून चढाचा सराव कधी सुरू करायचा ते सांगेन.